केबिनचा पत्रा सडलाय? रंगाचा डबा जरा बाजूला ठेवा

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून मासळी भरून निघणारे जुने टेम्पो जवळून पाहिले, तर एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. इंजिन ठणठणीत असतं, टायर बरे असतात, ताडपत्री नवी असते. पण दाराची खालची कड उंदरानं कुरतडल्यासारखी झालेली असते आणि पायरीजवळचा पत्रा बोट दाबलं तरी आत जातो. क्रेटांतून बर्फाचं खारट पाणी ठिबकत असतं, हवा समुद्राची असते आणि पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. आंबा घाट चढून कोल्हापूर गाठेपर्यंत हौद्याखालचे ओघळ थांबत नाहीत. देशावर खताच्या गोण्या, मीठ किंवा ओली वाळू वाहणाऱ्या गाड्यांचीही हीच गत. पोटॅश खतात क्लोराइड असतं आणि ते लोखंडाला मिठाइतकंच बाधतं.

अशा गाड्यांचे मालक पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारतात. लांबी भरून रंग मारला तर चालेल का? पॅच मारू की अख्खा पत्रा बदलू? गेल्या वर्षीच रंग काढला होता, मग त्याच जागी पोपडे परत का आले?

शेवटच्या प्रश्नात बाकीच्यांची उत्तरं आहेत. बाहेरच्या रंगावर फोड दिसतो तेव्हा गंज बहुतेक वेळा आतल्या बाजूनं पत्रा खात खात बाहेर पोचलेला असतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तो रंगाला आतून ढकलतो. वरून लांबी आणि रंग चढवला की फोड झाकला जातो, आतलं काम मात्र चालूच राहतं. म्हणून पैसे मोजके असतील तर खर्चाचा क्रम असा ठेवा: पाणी अडवणं, सडका पत्रा कापणं, आतली बाजू बंद करणं आणि उरलेल्या पैशांत रंग.

आधी ठोका, मग ठरवा

गाडी धुऊन दोन दिवस उन्हात वाळू द्या. केबिनमधल्या चटया, सीटखालचं रबर, दाराची आतली कव्हरं, पायरीवरची पट्टी हे सगळं काढा. एक जुना स्क्रूड्रायव्हर, हलकी हातोडी, टॉर्च, खडू आणि फ्रिजवर चिकटवायचं साधं लोहचुंबक एवढी सामग्री पुरते. चांगला पत्रा ठोकला की खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. चुंबक जिथे नीट चिकटत नाही तिथे आधीच्या कुणीतरी जाड लांबी भरलेली आहे असं समजा. तिच्याखाली काय आहे ते उकरल्याशिवाय कळणार नाही.

या जागा चुकवू नका:

- दाराची खालची दुमड, विशेषतः दोन्ही टोकं
- पायरी आणि तिच्या मागचा उभा पत्रा
- पुढच्या काचेच्या रबराखालचा गळा
- चालकाच्या टाचेखालची फरशी
- मडगार्ड केबिनला मिळतो तो सांधा, जिथे चिखल साठून राहतो
- बॅटरीच्या आसपासचा पत्रा, कारण तिथे आम्लाची वाफ असते
- फाळक्याच्या बिजागऱ्या आणि हौद्याच्या फरशीच्या कडा

प्रत्येक जागेला खडूनं खूण करा. नुसता रंग सुटून लाल-पिवळी पावडर दिसते तिथे गोल. खड्डे पडलेत, पण स्क्रूड्रायव्हर आरपार जात नाही तिथे चौकोन. टोक आत गेलं तिथे फुली. मग खुणा मोजा. फुल्या दोन-चार निघाल्या तर काम एका शनिवार-रविवारचं आहे. फरशी, पायरी आणि खांब मिळून दहा-बारा फुल्या निघाल्या तर थांबा आणि पुढचा भाग नीट वाचा.

इथे स्वतः हात घालू नका

दार, पायरी, मडगार्ड, हौद्याचा बाजूचा पत्रा ही गाडीची कातडी. तिच्यावर काटकसर चालते. हाडांवर चालत नाही. चेसिसचे लांब आडे आणि क्रॉस मेंबर, केबिन ज्यांवर बसते ती माउंटिंग, दाराची बिजागरी धरणारा खांब, सीट आणि सीटबेल्ट कसलेली जागा, स्टिअरिंग बॉक्सच्या आसपासचा भाग ही हाडं. इथे आरपार गंज असेल तर घरगुती पॅच, फायबर, रिव्हेट यांचा विचारही करू नका. चेसिसला कुठेही वेल्डिंग किंवा भोक करून चालत नाही. कुठे करायचं आणि कुठे नाही याच्या कंपनीच्या सूचना असतात आणि त्या जाणणाऱ्यानंच ते काम करावं. घाटात भरलेली गाडी उतरताना या सांध्यांवर काय ताण येतो, हे ज्यानं ती गाडी चालवली आहे त्याला सांगायची गरज नाही.

घासकाम करताना चेसिस नंबर ज्या जागी कोरलेला आहे तिथे ग्राइंडर अजिबात लावू नका. हातानं वायर ब्रश फिरवा आणि वरून ग्रीसचा पातळ हात द्या. नंबर पुसट झाला तर पासिंगला आणि विक्रीला फार त्रास होतो.

जुन्या गाड्यांत आणखी एक प्रकार भेटतो. पूर्वी अनेक ट्रक कंपनीतून चेसिस आणि पुढच्या काऊलसह येत आणि केबिन स्थानिक बॉडीवाल्याकडे लाकडी चौकटीवर पत्रा ठोकून बांधली जाई. अशा केबिनमध्ये लाकूड ओल धरून ठेवतं आणि खिळ्या-स्क्रूच्या भोवती पत्रा सडतो. तिथे वेल्डिंग म्हणजे आगीला आमंत्रण. पत्रा उचकटून, लाकूड पाहून, कुजलेला तुकडा बदलून नवा पत्रा स्क्रूनं बसवणं हाच मार्ग, आणि त्यासाठी सुतार लागतो.

हाडंच गेली असतील तर हिशेब वेगळा करा. नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रात गाडी दिली की ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’ मिळतं आणि नवी गाडी घेताना ते दाखवून करात सवलत मिळण्याची तरतूद आहे. साध्या भंगारवाल्याला गाडी दिली तर हा कागद मिळत नाही, शिवाय गाडी तुमच्याच नावावर राहण्याचा धोका असतो.

पाणी कुठून येतं ते शोधा

या कामाला जवळपास पैसे लागत नाहीत, म्हणूनच ते राहून जातं.

दाराच्या खालच्या कडेला पाणी निघायला बारीक भोकं असतात. काचेच्या फटीतून दारात पाणी जातंच; ते या भोकांतून बाहेर पडावं अशी मुळात रचना असते. धूळ, शेण-माती आणि मागच्या रंगकामातल्या लांबीनं ती बुजतात आणि दार म्हणजे पाण्याची टाकी होते. जाड तारेनं ती मोकळी करा. आतून हवेचा किंवा पाण्याचा फवारा मारून चिखल काढा. १९८६ मध्ये आलेल्या टाटा ४०७ पासून आजच्या पिकअपपर्यंत दार सडण्याचं हे सगळ्यात साधं कारण आहे.

पुढच्या काचेचं रबर कडक होऊन आकसलं असेल तर पाणी गळ्यात उतरतं, तिथून डॅशबोर्डमागून फरशीवर येतं आणि चटईखाली बसून राहतं. रबर बदलण्याइतके पैसे आत्ता नसतील, तर फट कोरडी करून पॉलियुरेथेन सीलंट भरा. बाथरूमसाठी मिळणारं साधं सिलिकॉन वापरू नका. त्यातल्या काही प्रकारांतून आम्ल सुटतं, उघड्या लोखंडाला ते घातक आहे आणि त्यावर पुढे रंगही धरत नाही.

चटईखाली सुतळीचं पोतं किंवा जुनं कार्पेट अंथरायची सवय सोडा. पायांना गरम लागत नाही हे खरं, पण ते भिजलं की आठवडाभर सुकत नाही.

आणि एक तक्रार मनापासून करायची आहे ती अॅल्युमिनियमच्या नक्षीदार चेकर प्लेटबद्दल. पायरीवर आणि फरशीवर ती हौसेनं बसवतात, दिसतेही छान. पण खालच्या लोखंडी पत्र्याला रंग किंवा सीलंट न लावता ती ठोकली, तर दोन पत्र्यांमध्ये पाणी अडकतं, कधीच सुकत नाही आणि पाय घसरेपर्यंत खाली काय झालं ते कळत नाही. खारं पाणी असेल तर दोन वेगळ्या धातूंच्या संगतीत अॅल्युमिनियमही खाल्लं जातं. आधीपासून बसवलेली असेल तर या वेळी ती काढून खाली बघाच.

गोल आणि चौकोन: हे काम घरी होतं

१. सुटलेला रंग पत्र्याच्या पटाशीनं खरवडा आणि चांगल्या रंगात दोन-तीन बोटं पुढे जाईपर्यंत खरवडत राहा. गंज रंगाखालून पसरतो; डाग दिसतो त्यापेक्षा तो मोठा असतो.

२. ग्राइंडरला तारेचा कप किंवा फ्लॅप डिस्क लावून चकचकीत लोखंड काढा. एकाच जागी डिस्क दाबून धरली की पत्रा तापतो, पातळ होतो आणि वाकतो. हात हलका आणि फिरता ठेवा. डोळ्यांवर गॉगल हवाच. साधा चष्मा पुरत नाही.

३. खड्ड्यांच्या तळाशी काळे ठिपके उरतात, ते डिस्कनं निघत नाहीत. तिथे फॉस्फरिक आम्ल असलेलं गंज काढायचं रसायन किंवा टॅनिक आम्लाचा रस्ट कन्व्हर्टर ब्रशनं लावा. डब्यावर लिहिलेला वेळ द्या, धुवायला सांगितलं असेल तर धुवा आणि पूर्ण वाळवा. या रसायनांना पातळ, घट्ट बसलेला गंज बदलता येतो. पापुद्रे सुटणाऱ्या जाड गंजावर ती ओतून काही साधत नाही.

४. ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा, थिनरच्या फडक्यानं पुसा, दुसऱ्या कोरड्या फडक्यानं लगेच टिपा. त्यानंतर उघड्या हातानं पत्र्याला शिवू नका. घामातही मीठ असतं.

५. त्याच दिवशी प्रायमर मारा. कोकणात उघडं लोखंड रात्रभर ठेवलं तर सकाळी त्यावर पुन्हा तांबूस झाक आलेली असते.

संडास धुवायच्या आम्लानं गंज झटकन निघतो म्हणून ते वापरणारे पुष्कळ आहेत. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ते पत्र्याच्या दुमडीत शिरतं, धुऊनही पूर्ण निघत नाही आणि मागे क्लोराइड सोडतं. महिनाभरात तीच जागा दुप्पट वेगानं सडायला लागते. बिजागरी, हूक, बोल्ट असे सुटे भाग मात्र व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून, सकाळी खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुऊन, वाळवून लगेच रंगवले तर फार स्वस्तात स्वच्छ होतात.

फुली: भोकाला चार वाटा

*पहिली, वेल्डिंगचा पॅच.* टिकाऊपणात हीच सरस. सडका पत्रा गोल किंवा कोपरे गोलावलेल्या चौकोनात कापा, ठोकल्यावर खणखणणारा पत्रा लागेपर्यंत. भोक आहे तेवढंच झाकणारा पॅच सडक्या कडांना चिकटवला तर वेल्डिंग धरतच नाही, पत्रा जळत जातो आणि भोक मोठं होतं.

पत्र्याचा भाव ऐकून घाबरू नका. आठ बाय चार फुटांचा १८ गेजचा अख्खा पत्रा साधारण २८ किलो भरतो, २० गेजचा २१ किलो. पायरीला लागणारा एक बाय दोन फुटांचा १८ गेजचा तुकडा पावणेदोन किलोच्या आसपास असतो. पत्रा विकणाऱ्याकडे किलोवर तुकडे मिळतात. १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर, २० गेज म्हणजे ०.९. मूळ पत्रा चांगल्या जागी मोजून त्याच्या जवळचा घ्या. फरशी-पायरीला १८, दाराच्या बाहेरच्या पत्र्याला २० गेज सहसा जमतो. खरा खर्च मजुरीचा आहे. म्हणून कापणं, घासणं, पुठ्ठ्याचा नमुना करून पॅच कापून घेणं एवढं तुम्ही स्वतः केलंत तर वेल्डरचं काम तासाभराचं उरतं. पायरीसारखा दुमडीचा तुकडा हवा असेल तर बेंडिंग मशीनवाल्याकडे पुठ्ठ्याचा नमुना न्या. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरासारख्या कारखानदारीच्या भागात हे काम करणारे भेटतात.

*दुसरी, रिव्हेट आणि सीलंट.* मडगार्ड, हौद्याचा बाजूचा पत्रा, फरशीतलं छोटं भोक यांना हे चालतं. पॅचची आणि गाडीच्या पत्र्याची अशा दोन्ही बाजू प्रायमर मारून वाळवा, मध्ये पॉलियुरेथेन सीलंट सलग फासा आणि दोन बोटांच्या अंतरावर रिव्हेट मारा. रिव्हेट लोखंडी घ्या. अॅल्युमिनियमचे खाऱ्या पाण्यात लवकर झिजतात. पॅच कौलांसारखा बसवा, वरचा पत्रा खालच्यावर, म्हणजे पाणी सांध्यात न शिरता ओघळून जाईल. उलटा बसवलेला पॅच पहिल्या पावसातच पाणी पितो.

*तिसरी, फायबर मॅट आणि रेझिन.* दिसायला स्वच्छ, करायला सोपी आणि सगळ्यात जास्त फसवणारी. चकचकीत घासलेल्या पत्र्यावर, मागून लावली तर मडगार्डला दोन-तीन पावसाळे काढून देते. गंजावरच चिकटवली तर खालचा पत्रा सडतो आणि अख्खी मॅट खपलीसारखी हातात येते. वजन पडणाऱ्या जागी ती नकोच.

*चौथी, जुना भाग.* खालची अर्धी बाजू गेलेलं दार दुरुस्त करत बसण्यापेक्षा अपघातातल्या गाडीचं चांगलं दार घेणं कितीदा तरी स्वस्त पडतं. मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या भागांच्या बाजारात, किंवा तुमच्या जिल्ह्यातल्या गाड्या तोडणाऱ्याकडे चौकशी करा. घेताना खालच्या दुमडीत बोट घाला, चुंबक फिरवा, बिजागरीची भोकं ओढली गेली नाहीत ना ते बघा. पक्कं बिल मागा. बिलाशिवाय स्वस्तात मिळणारा भाग चोरीच्या गाडीचा निघाला तर झळ तुम्हालाच लागते.

वेल्डरकडे जाताना

पातळ पत्र्यावर साधं रॉडचं आर्क वेल्डिंग करून घेऊ नका. त्याची उष्णता जास्त असते आणि भोकं पडतात. सीओटू वेल्डिंग, ०.८ मिलिमीटर तारेचं, हे या कामाचं साधन. जुने कसलेले डेंटर गॅसवर पितळ ओढून सुरेख काम करतात, पण त्यात पत्रा जास्त तापतो आणि मोठा पॅच पिळवटतो.

वेल्डिंग सलग ओढायचं नसतं. आधी चार कोपऱ्यांना टाके, मग समोरासमोर एकेक टाका, मध्ये थंड व्हायला वेळ, असं करत टाके जोडायचे. “एकदम ओढू नका, टाके घाला” एवढं सांगितलंत तरी कामाची माहिती असलेला माणूस समोर आहे हे कारागिराला कळतं.

गाडी त्याच्या ताब्यात देण्याआधी:

- बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडा. नव्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट असतं. अर्थिंग चुकलं तर ते जळू शकतं आणि त्याची किंमत अख्ख्या पत्र्याच्या कामाहून मोठी असते.
- सीट, फोम, चटया, वायरिंगची गुंडाळी कामाच्या जागेपासून दूर करा. ओलं पोतं आणि आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवा.
- डिझेल टाकी जवळ असेल तर ती उतरवा. टाकीचं स्वतःचं वेल्डिंग, ती रिकामी असली तरी, साध्या गॅरेजात करू देऊ नका. रिकाम्या टाकीतली वाफच पेट घेते.
- पॅचला जस्ताचा म्हणजे जीआय पत्रा वापरणार असाल तर वेल्डिंगच्या कडेवरचं जस्त घासून काढायला सांगा. जळत्या जस्ताचा धूर नाकात गेला की त्या रात्री थंडी-ताप भरतो. काम मोकळ्या हवेत करू द्या.

काम संपल्यावर गाडी लगेच हलवू नका. दुमडीतला कचरा धुमसत राहतो. अर्धा तास थांबून मागून-पुढून हात फिरवून बघा.

लांबीवर विसंबू नका

लांबी वाईट नाही. वेल्डिंगच्या रेषा सपाट करायला ती लागतेच. पण तिचं काम मिलिमीटरांत मोजायचं असतं. तीन मिलिमीटरच्या वर थर गेला की खड्ड्यांत आदळणाऱ्या गाडीत तो तडकतो. त्या तड्यातून पाणी आत जातं, आणि पॉलिएस्टर लांबी ओल शोषून घेते. भोकात कागद किंवा जाळी कोंबून वर लांबी थापणाऱ्याकडून गाडी परत घ्या.

हार्डनर शंभर ग्रॅमला दोनेक ग्रॅम पुरतो. जास्त घातला की लवकर सुकते म्हणून मूठभर घालणारे असतात. मग वरच्या रंगात डाग उमटतात आणि बारीक छिद्रं राहतात. लांबी घासताना पाणी वापरू नका, कोरडीच घासा, आधी ८०, मग १८० नंबरनं. पाण्याचा पॉलिश पेपर प्रायमर चढल्यानंतरचा. आणि साध्या रेड ऑक्साइडवर पॉलिएस्टर लांबी चढवू नका. रेड ऑक्साइड मऊ पडतं आणि लांबी सालीसारखी सुटते. स्वच्छ घासलेल्या पत्र्यावर किंवा वाळलेल्या इपॉक्सी प्रायमरवर ती बसते.

प्रायमर, रंग आणि हवा

काटकसर रंगात करा, प्रायमरमध्ये नको. दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर रेड ऑक्साइडपेक्षा महाग असतो, पण पाणी खूपच जास्त अडवतो. मोजून मिसळा. मिसळलेला प्रायमर काही तासांत वापरावा लागतो, म्हणून लागेल तेवढाच करा. दुमडी, सांधे, वेल्डिंगच्या रेषा आधी ब्रशनं भरा, मग सपाट भागावर पसरा. सांध्यात प्रायमर वाळल्यावर सीलंटची बारीक रेघ ओढा.

वरचा रंग साधा सिंथेटिक इनॅमल असला तरी कामाच्या गाडीला पुरतो. तो ब्रशनं, रोलरनं लागतो आणि वर्षानं ओरखडा पडला तर त्याच डब्यातून भरता येतो. टू-के पीयू रंगाची चमक निराळीच. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा श्वासात गेला तर कायमचा दमा लागू शकतो. तोंडाला रुमाल बांधून हा रंग घरच्या अंगणात मारू नका. तो हवा असेल तर पेंटरच्या बूथमध्येच मारून घ्या.

हवेत ओलावा ८५ टक्क्यांवर असेल, किंवा पत्र्यावर दव धरत असेल तर रंग लावू नका. कोकणात जून ते सप्टेंबर हे काम जवळपास बंदच ठेवा. त्या काळात फार तर खरवडून, कन्व्हर्टर लावून, ग्रीस फासून वेळ मारून न्या आणि दिवाळीनंतर पक्कं काम करा. एप्रिल-मेच्या दुपारी पत्रा हात लावू देत नाही इतका तापतो. तेव्हा सकाळची दहा-अकराची वेळ धरा.

फाळका नव्यानं रंगवताना दोन गोष्टी. मागे लाल, पुढे पांढरी आणि बाजूला पिवळी परावर्तक पट्टी पुन्हा लावायला विसरू नका, पासिंगला ती बघतात. आणि ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहून घेऊ नका. महाराष्ट्रात २०१५ पासून त्याला मनाई आहे.

आतली बाजू बंद केली नाही तर काम अर्धंच

पॅचच्या मागच्या बाजूला वेल्डिंगनं रंग जळलेला असतो आणि तिथे ब्रश पोचत नाही. बहुतेक गॅरेजांत काम इथेच सोडून देतात. दाराच्या आत, पायरीच्या पोकळीत, खांबाच्या तळाशी कॅव्हिटी वॅक्स मारून घ्या. ते लांब नळीच्या स्प्रे कॅनमधून मिळतं, बारीक फटीत शिरतं आणि मऊ राहतं, त्यामुळे तडकत नाही. मारण्याआधी निचऱ्याची भोकं मोकळी आहेत ना ते बघा आणि मारल्यावर पुन्हा तार घालून मोकळी करा.

जुनं काळं इंजिन ऑइल मारायची पद्धत सगळीकडे आहे. ते स्वस्त आहे, काही काळ गंज थोपवतंही. पण काचेची आणि दाराची रबरं ते फुगवतं, त्वचेला घातक असतं आणि पावसात धुऊन विहिरी-शेतात जातं. गरज वॅक्सच्या दोन-तीन कॅनची असते. तेवढ्यासाठी हा उपद्व्याप करू नये.

बिल, विमा आणि पासिंग

गाडी गॅरेजात टाकण्याआधी कागदावर चार ओळी लिहून घ्या: कुठला पत्रा कापणार, किती गेजचा बसवणार, प्रायमर कुठला, एकूण मजुरी किती. कापल्यानंतर आणि लांबी भरण्याआधी स्वतः जाऊन फोटो काढा. लांबीखाली काय आहे याचा तोच पुरावा. हे आधी ठरवायचं आणखी एक कारण आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० नुसार, वेगळं काही ठरलं नसेल तर काम पूर्ण केलेल्या कारागिराला मजुरी मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेता येते. आकड्यावरून वाद झाला तर गाडी त्याच्या दारात उभी राहते आणि रोजचा धंदा तुमचा बुडतो.

काम निकृष्ट निघालं तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ उपयोगी पडतो. ‘गाडी धंद्याची, म्हणजे तुम्ही ग्राहक नाही’ असं ऐकून गप्प बसू नका. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूचा स्वतः केलेला वापर या कायद्यात व्यावसायिक हेतूचा धरला जात नाही. एकच टेम्पो स्वतः चालवणारा माणूस त्यात बसतो. चालक ठेवून अनेक गाड्या फिरवणाऱ्याची बाजू मात्र कमजोर असते. बिल नाकारणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जिल्हा आयोगात दाद मागायची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते.

विम्याकडून गंजाचे पैसे मिळत नाहीत. वापरानं होणारी झीज पॉलिसीतून वगळलेली असते. अपघातात तोच पत्रा चेपला तर दावा होतो, पण दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या भागांना नेहमीच्या पॉलिसीत ५० टक्के घसारा कापतात. सर्व्हेअरला जुना गंज दिसला तर आणखी घासाघीस होते.

आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीचं पासिंग दरवर्षी असतं आणि पंधरा वर्षांपुढे शुल्कही बरंच वाढतं. म्हणून पत्र्याचं काम पासिंगच्या महिनाभर आधी उरका, आदल्या आठवड्यात नको. रंगाची छटा तीच ठेवा. रंग बदलायचाच असेल तर आधी आरटीओकडे अर्ज करून आरसीवर नोंद करून घ्या आणि विमा कंपनीला कळवा.

काम झाल्यावर आठवड्यानं चटया न घालता गाडी उभी करा. एकाला वरून पुढच्या काचेवर आणि दारांवर चार बादल्या पाणी सावकाश ओतायला सांगा, आणि तुम्ही आत बसून कोरड्या वर्तमानपत्राचे कागद फरशीवर पसरून बघा. कागद जिथे भिजला तिथे सीलंटची नळी पुन्हा उघडा. दाराच्या खालून पाणी धार धरून बाहेर पडताना दिसलं की चटया परत घाला.